वरच्या मजल्यावरचे भाडेकरू

मी हायस्कुलात भूगोल शिकवतो आणि 'कोल्हापूरचे हवामान सौम्य व आल्हाददायक आहे' हे वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहितो. सह्याद्री हाकेच्या अंतरावर, पंचगंगा उशाला, मे महिन्यात संध्याकाळी ढग. उकाडा म्हणजे नागपूर-जळगावकडच्या लोकांनी सोसायची गोष्ट, अशी आम्हा कोल्हापूरकरांची समजूत असते. माझी तर ती पाठ्यपुस्तकातून झालेली, म्हणजे जास्तच पक्की. यंदाच्या मे महिन्यानं ती समजूत धुतली, पिळली आणि वाळत घातली. वाळायला वेळसुद्धा लागला नाही.

कळंब्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं घर आहे. सध्या तळमजला आहे आणि वरचा मजला पुढंमागं घ्यायचा आहे. तो पुढंमागं घ्यायचा असल्यामुळं गच्चीवर खांबांच्या सळ्या उभ्या आहेत. त्या सळ्यांना दोरी बांधून आमची मंडळी, म्हणजे पद्मावती, कपडे वाळत घालते. बाहेरच्या बाजूनं गच्चीवर जाणारा जिना मात्र मी तेव्हाच ऐसपैस करून घेतला. उद्या वर कपाटं न्यायची म्हटल्यावर जिना रुंद नको? गवंडी म्हणाला होता, "सर, ह्या जिन्यानं हत्ती जाईल वर." मला ते कौतुक वाटलं होतं. ती सूचना होती हे यंदा कळलं.

तर असा हा उघडा स्लॅब दिवसभर तापायचा आणि खालची खोली भट्टी व्हायची. पंखा लावला की वरची गरम हवा खाली यायची, बंद केला की होती ती हवा पण जायची. आम्ही दोघांनी ते सोसलंही असतं. पण नेमकं ह्याच उन्हात आमच्या स्नेहलचं पहिलं बाळंतपण आलं.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय मी सांगायला पाहिजे? पद्मानं संक्रांतीपासून जुन्या सुती साड्या धुऊन मऊ करून त्यांची दुपटी शिवली होती. डिंक निवडून बरणीत भरला होता. खोलीतला पलंग कुठल्या भिंतीला लावायचा यावर आमची चारदा भांडणं झाली होती आणि चारही वेळा पलंग तिच्या मनासारखा लागला होता. स्नेहलचं सासर पुण्याला. जावई अरिहंतराव गुणाचे आहेत, त्यात वाद नाही. पण त्यांच्या फ्लॅटमध्ये प्रत्येक खोलीत एसी. देवघरातसुद्धा शाल पांघरून बसायला लागतं.

आणि एके दिवशी विहीणबाईंचा, त्रिशलाताईंचा फोन आला. बाई शांत बोलतात, पण बँकेत मॅनेजर होत्या, त्यामुळं शांतपणे बोललं की समोरचा उभा राहतो.

"मगदूमसाहेब, राग मानू नका. पोरगी अवघडलेली, आणि तुमच्याकडं ऊन किती आहे ते बातम्यांत बघतेय. मी स्वतः रविवारी तिला घेऊन येते. दुपारभर तुमच्या त्या खोलीत बसते. मला बसवलं, तर तिला ठेवून जाईन. नाही बसवलं, तर त्याच गाडीनं परत घेऊन जाईन. बाळंतपण मग इथंच करू."

मी म्हणालो, "ताई, काळजीच करू नका. आमच्या घराला नैसर्गिक गारवा आहे." हे बोलताना माझ्या कपाळावरचा घाम फोनवर पडत होता. पद्मा शेजारी बसून सगळं ऐकत होती. नुसती उठली आणि दुपट्यांची चळत उचलून उगाचच परत घडी घालत बसली.

त्या संध्याकाळी अरिहंतरावांचा फोन. "बाबा, मी एक एसी पाठवून देतो, उद्या माणूस येऊन बसवेल." मी ताडकन म्हणालो, "मुलीच्या माहेरची हवा सासरहून यायची होय? मग उद्या पाणीही टँकरनं पाठवा!" फोन ठेवल्यावर पद्मा म्हणाली, "झालं? मारून घेतलात पायावर धोंडा?" पण मी ठरवलं होतं, एसी लागला तर माझा लागेल.

वायरमन आला, त्यानं मीटर बघितला, माझ्याकडं बघितलं. "सर, ह्या वायरिंगवर एसी लावला तर खोली गार व्हायच्या आधी मीटर पेटंल. लोड वाढवून घ्या." मी विजेच्या कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी कॉम्प्युटरमध्ये तोंड घातलं.

"घर दुमजली दिसतंय तुमचं."

"नाही, वरचा मजला पुढंमागं घ्यायचा आहे."

"हितं तर घेतलाय की."

"नकाशा मंजूर करून ठेवलाय फक्त."

"मग वर कोण राहतंय?"

"कोणी नाही. मजलाच नाही."

"मजला न्हाय, तर जिना कशाला हाय?"

साहेब समजुतीनं म्हणाले, की वरचे भाडेकरू असतील तर त्यांची संमती आणा आणि नसतील तर मजला नाही असा दाखला आणा. नसलेला मजला नाही असा दाखला कोण देतो याची मी दोन कचेऱ्यांत चौकशी केली. तिसऱ्या कचेरीत गेलो नाही, कारण रविवार जवळ येत चालला होता.

आता गल्लीचं सांगतो. आमच्या गल्लीत एखाद्याच्या घरात अडचण आली की तो एकटा राहत नाही. त्याला राहूच देत नाहीत. समोरचे बाळासो साखर कारखान्यातून निवृत्त झालेत आणि तेव्हापासून आमच्या घराचं काम बघतात. ते म्हणाले, "सर, स्लॅबला चुना मारा. ऊन परत जातंय." मारला. ऊन खरंच परत गेलं, ते थेट शेजारच्या कृष्णातच्या घरात. त्याची आई धोंडुबाई डोळ्यांवर पदर धरून आली. "अवं मास्तर, तुमच्या गच्चीनं आमचं डोळं गेलं की! चुलीवरचं कायबी दिसंना. त्यापरास गोणपाटं भिजवून टाका वर."

गोणपाटं टाकली. पाणी एक दिवसाआड येतं, गोणपाटं एका तासात कोरडी. मग मांडववाल्याकडून कूलर आणला. लग्नात हजार माणसांना वारा घालणारं ते यंत्र आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत चालू केल्यावर पहिल्याच फटक्यात भिंतीवरचा जगाचा नकाशा फाटला, तो बरोबर विषुववृत्तावर. पाठोपाठ पाण्याचे शिंतोडे. गादी ओली, दुपटी ओली, आणि खोलीत अशी वाफ कोंडली की पद्मा म्हणाली, "ह्यात इडल्या लावू का?"

शेवटी बाळासोंनी ठेवणीतला उपाय काढला. "सर, पाचट! ऊस तोडल्यावर रानात वाळका पाला पडतोय न्हवं, त्यो टाका हातभर जाड. वर पाणी मारा. खाली महाबळेश्वर!"

हे मात्र शास्त्राला धरून होतं. वाळका पाला उष्णतेचा दुर्वाहक, मी आठवीला शिकवतो. आणि पाचटाला तोटा कसला? पद्माचा भाऊ आदगोंडा शिरोळला ऊस लावतो. मी त्याला फोन केला, सगळी परिस्थिती सांगितली, ट्रॉलीभर पाचट पाठव म्हटलं.

"दाजी, अक्काच्या घरावर वाळका पाला टाकू व्हय?"

"अरे, तोच पाहिजे."

"माझी भाची पयल्या बाळंतपणाला येणार आणि मामानं काय पाठवलं, तर कचरा? पुण्याचं पावणं काय म्हणतील? तुम्ही गप बसा दाजी. मी बघतो."

शनिवारी दुपारी ट्रॉली आली. पाचट नव्हतं. वाडं होतं! उसाचे हिरवेगार, रसरशीत, कोवळे शेंडे. चाऱ्यासाठी ऊस तोडला त्यातलं निवडून निवडून भरलेलं, वर चार नारळ आणि भाचीसाठी साडी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, गुरांच्या पंगतीत वाडं म्हणजे श्रीखंड-पुरी. मी आदगोंडाला फोन करून म्हणालो, "अरे, हे काय?" तर म्हणाला, "मामाचा मान हाय त्यो, दाजी. थँक्यू म्हणायचं नसतंय."

परत काय पाठवणार? अख्खी गल्ली जमली आणि अंधार पडायच्या आत सगळं वाडं गच्चीवर चढलं. बाळासो खालून हुकूम सोडत होते, "डावीकडं! अजून डावीकडं!" आणि डावीकडं सळ्या असल्यामुळं कृष्णातचा सदरा फाटला. वर चार घागरी पाणी मारलं. आणि काय सांगू, तासाभरात खोलीचा रंगच पालटला. मी पलंगावर पडून बघितलं. वरून ओल्या गवताचा वास झिरपत होता. सकाळी उठलो तेव्हा मी चादर ओढून घेतली होती! पद्मा दारात उभी राहून खोलीकडं बघत होती. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. "राहील हो आता पोरगी," ती म्हणाली. मी शर्टाची कॉलर सरळ केली आणि म्हणालो, "मी म्हटलंच होतं, नैसर्गिक गारवा."

इथं गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं.

कृष्णातचा दुधाचा धंदा आहे. सकाळी तो म्हैस गल्लीत आणून आमच्या फाटकाजवळ उभी करतो आणि लोक भांडी घेऊन येतात. धार डोळ्यांसमोर काढलेली पाहिजे, ही कोल्हापूरची रीत. पिशवीतल्या दुधाला आमच्याकडं आजारी माणसाचं दूध म्हणतात. ही म्हैस त्यानं मोठ्या पुरानंतर शिरोळकडून विकत आणलेली. नाव हरणी. हे नाव विनोदानं ठेवलेलं नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

रविवारी सकाळी मी दाढी करत होतो. डोक्यावर धप्प आवाज झाला. मग परत धप्प. मला वाटलं बाळासो पाणी मारायला गेले. मग वरून हंबरण्याचा आवाज आला आणि बाळासोंचा आवाज कितीही खराब असला तरी तसा नाही.

अर्ध्या गालाला फेस घेऊन मी वर धावलो. गच्चीच्या मधोमध हरणी उभी होती. डोळे मिटून, शांतपणे, माझ्या नैसर्गिक गारव्याचा पश्चिम भाग चघळत होती. माझ्या मागून कृष्णात धापा टाकत आला.

"सर, चरवी ठेवायला मागं वळलो तर ही गायब!"

"अरे, म्हैस जिना चढते?"

"चढती की. पुरात चढलीती." तो अगदी अभिमानानं सांगायला लागला. "शिरोळात पाणी आलं तवा पयल्या मालकानं समदी गुरं स्लॅबवर चढवली. आठवडाभर वर हुती. वरच वाडं टाकायची, वरच धार काढायची. तिला वाटतंय, जिना दिसला आनि वाडं दिसलं की वर जायाचं. हुशार हाय सर!"

"बरं बरं. खाली आण आता तिला."

कृष्णातचा चेहरा पडला. "चढती, पण उतरत न्हाय. पायरी बघून भेती. तवा क्रेननं उतरवलीती."

त्यानं पेंड दाखवली. दोरी ओढली. बाळासोंनी खालून "उजवीकडं!" म्हटलं. हरणीनं एकदा जिन्याकडं बघितलं, एकदा वाड्याकडं बघितलं आणि कोण शहाणा वाडं सोडून जाईल? मी आपत्तीचा एक नंबर असतो तो फिरवला.

"गच्चीवर म्हैस अडकली आहे."

"पाणी किती चढलंय?" पलीकडचा माणूस एकदम सावध.

"पाणी नाही."

"पूर आलाय का?"

"मे महिन्यात कुठला पूर?"

"मग म्हस वर कशी गेली?"

"जिन्यानं."

"मग जिन्यानंच खाली येऊ द्या की पावणं. हितं आम्ही कामात हाय." फोन बंद.

शेवटी धोंडुबाईंनीच मार्ग काढला. "अरं कृष्णात, रेडकू आण. गडमुडशिंगीला तुझ्या बहिनीकडं बांधलंय न्हवं? आईला रेडकू दिसलं की कसल्या पायऱ्या आनि कसलं काय. येतीया खाली." कृष्णातनं बहिणीला फोन लावला. टेम्पोत घालून रेडकू निघालं. पण गडमुडशिंगी कोल्हापूरच्या पार त्या टोकाला आणि पुण्याची गाडी तर शहरात शिरायच्या शिरोली नाक्याला पोचली होती. मला दिसत होतं, वर हरणी निम्मं खात, निम्मं शिंगांनी मागच्या परसात ढकलत पश्चिमेकडून पूर्वेकडं सरकत होती आणि तिच्या मागं स्लॅब उघडा पडत होता, आणि ऊन त्यावर टपलेलंच होतं. मी पद्माला म्हणालो, "रेडकू येईपर्यंत कळू द्यायचं नाही." ती म्हणाली, "म्हैस लपवणार? कुठं? तुमच्या नैसर्गिक गारव्यात?"

गाडी आली. स्नेहल उतरली. पोट सांभाळत, एक हात कमरेवर. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. माझी धावत येणारी पोरगी हळू हळू पाऊल टाकत येताना बघून मला म्हैसबिस काही आठवेना. ती म्हणाली, "बाबा, एका गालाला दाढी तशीच आहे तुमची," आणि आत आईकडं गेली.

त्रिशलाताई चष्मा पुसत खोलीत आल्या. खुर्ची घेतली, खिडकी बघितली, छताकडं बघितलं. "हं. बसते," म्हणाल्या. ड्रायव्हरला सांगितलं, "बॅग डिकीतच राहू दे." मी पन्हं आणून दिलं. पूर्वेकडच्या कोपऱ्यात अजून गारवा होता, तिथं त्यांची खुर्ची सरकवली. आणि बोलायला लागलो. कोल्हापूरची समुद्रसपाटीपासूनची उंची, वाऱ्याची दिशा, जे सुचेल ते.

धप्प.

ताईंनी वर बघितलं. "वर कोण आहे?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "भाडेकरू."

"वर मजला आहे तुमचा?"

"कागदावर आहे."

धप्प, धप्प. छताचा एक पोपडा सुटला आणि बरोबर पन्ह्यात पडला. ताईंनी तो चमच्यानं काढून बशीत ठेवला. "वजनदार दिसतात."

"हो, जरा... खाऊनपिऊन सुखी आहेत."

"एकटे राहतात?"

"मूल आहे. गावाला आहे. येतंय आता."

एवढ्यात वरून घशाच्या तळातून एक लांबलचक हाक आली. हरणीनं पूर्व भाग संपवला असावा. खोली आता तापायला लागली होती. माझं बनियन घामानं चिंब झालं होतं. ताई उठल्या, पदर खोचला आणि काही न बोलता बाहेर पडून जिना चढायला लागल्या. मी मागून "ताई, ऊन आहे" म्हणत गेलो.

वर गच्ची साफ होती. चुन्याच्या पांढऱ्या गच्चीवर काळी हरणी एकटी उभी होती, तोंडात शेवटची काडी. ताई बघत राहिल्या. मी मान खाली घातली. आता ह्या बाई काय बोलतील? पुण्याला जाऊन काय सांगतील? आणि पद्माला मी काय तोंड दाखवू?

"ही पुरातली म्हस हाय व्हय?" ताई म्हणाल्या.

मी चमकून बघितलं. पुण्याचं बोलणं कुठल्या कुठं गेलं होतं.

"माझं माहेर शिरोळचं की, पावणं. दादाच्या सात म्हशी अशाच चढवल्यात्या स्लॅबवर. त्यातल्या काही नंतर जिना दिसला की चढायच्याच." त्या हरणीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मग हात थांबला, आणि मॅनेजरीणबाई परत आल्या. "पण खोली तापली, मगदूमसाहेब. मला तिथं बसवत नाही. खोटं कशाला बोलू? तुम्ही केलं ते दिसतंय मला. पण लेकराचा प्रश्न आहे. मी तिला घेऊन जाते."

त्यांचं एक अक्षर चुकीचं नव्हतं. ताई पुढं आणि मी मागं, असं आम्ही खाली आलो. हाक मारायची म्हणून ताईंनी तोंड उघडलं, "स्नेह..." आणि स्वयंपाकघराच्या दारात तिथंच थांबल्या.

स्वयंपाकघरात पद्मा जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. तिच्या मांडीवर डोकं ठेवून स्नेहल झोपली होती. कुशीवर, पाय पोटाशी घेऊन, लहानपणी झोपायची तशी, तोंड जरा उघडं. पद्माच्या एका हातात डब्याचं झाकण होतं, त्यानं ती वारा घालत होती. दुसरा हात पोरीच्या केसांत. दोघी घामानं निथळत होत्या. डोक्यावर म्हैस हंबरत होती आणि पोरगी ढिम्म हलत नव्हती. पद्मानं आमच्याकडं बघून ओठांवर बोट ठेवलं.

ताई पाय न वाजवता दारातून मागं सरल्या. मग मला बाजूला घेऊन अगदी हळू म्हणाल्या, "आमच्याकडं महिना झाला, ही रात्र रात्र कूस बदलती. एसी वाढवला, कमी केला, उशा बदलल्या. डॉक्टर म्हणाले, होतं असं. मी उठून विचारलं तर म्हणायची, काही नाही आई, झोपा तुम्ही." त्यांनी पुन्हा एकदा दारातून आत बघितलं. "हिला झोपलेली मी आज बघतेय."

आणि नेमकं तेव्हाच गल्लीत टेम्पोचा हॉर्न वाजला. रेडकू आलं! वरून हरणीनं आरोळी ठोकली, खालून रेडकानं उत्तर दिलं आणि गल्लीतली तमाम मंडळी "आलं रं आलं!" करत फाटकाशी गोळा झाली. त्रिशलाताई बाणासारख्या बाहेर गेल्या. दोन्ही हात वर केले.

"गप! एकदम गप! पोरगी झोपलीया आत!"

कोल्हापूरच्या माणसाला कुजबुजता येत नाही. हा मी भूगोलाचा नियम म्हणून सांगतो. आम्ही कानात गुपित सांगितलं तरी ते चौकात ऐकू जातं. पण त्या दिवशी अख्ख्या गल्लीनं प्रयत्न केला. कृष्णात जिन्यावर गोणपाटं अंथरत म्हशीला कुजबुजत शिव्या देत होता. बाळासो खालून नुसत्या हातांनी "डावीकडं, डावीकडं" करत होते. धोंडुबाई रेडकाला जिन्याच्या पायथ्याशी धरून त्याच्या कानात म्हणत होती, "वरड की रं माझ्या राजा, पर हळू वरड." टेम्पोवाल्याला शिंक आली, ती त्यानं टोपीत घेतली.

हरणीनं वरून रेडकाला बघितलं. पहिल्या पायरीवर पाय ठेवला, काढला. परत ठेवला. तिचे पाय लटपटत होते, स्पष्ट दिसत होतं. पण नजर रेडकावरून हलली नाही. एकेक पायरी, एकेक पायरी, माझ्या ऐसपैस जिन्यावरून ती उतरली. आणि खाली आल्याबरोबर त्याला चाटायला लागली. कुणीही टाळी वाजवली नाही. बाळासोंनी हात उचलले होते, ते तसेच नमस्काराला जोडले.

मी ताईंकडं बघितलं. त्या चष्मा काढून डोळे पुसत होत्या. मला म्हणाल्या, "धूळ फार आहे तुमच्याकडं." मग ड्रायव्हरकडं वळल्या. "बॅग काढ. दोन्ही काढ, माझी पण. आजच्या दिवस ऱ्हातो मी हितं."

"पण ताई, खोली..."

"खोलीचं काय घेऊन बसलाय, पावणं? तुमचा तो शिरोळचा मेहुणा हाय न्हवं? त्याला म्हणावं, वाळकं पाचट पाठव. त्रिशलाक्कानं सांगितलंय म्हणून सांगा. आणि अरिहंतला मी बघते. एसी त्याच्याकडनं तुम्ही घेणार न्हाय न्हवं, तर मी माझ्या सुनंला देते. त्यात तुमचं काय जातंय?"

ह्यावर मला बाणेदार काहीतरी बोलायचं होतं. पण आधी मीटर आठवला, मग नसलेला मजला आठवला. मी मान डोलावली.

आम्ही आत आलो तेव्हा पद्मा तशीच बसली होती. तिनं डोळ्यांनीच सांगितलं, पायाला मुंग्या आल्यात. त्रिशलाताई तिच्याजवळ खाली बसल्या, मांडी घातली आणि दोघींनी मिळून, भरलेली कळशी सरकवावी तसं अलगद, स्नेहलचं डोकं एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं. पद्मानं पाय लांब केले. झाकण माझ्या हातात आलं. मी दोघींना, तिघींना, आणि हिशेब केला तर चौघांना वारा घालत बसलो.

केव्हातरी स्नेहलनं डोळे उघडले. कपाळाला केस चिकटलेले, गालावर साडीच्या काठाची नक्षी उमटलेली, मान घामानं ओली. तिनं आईकडं बघितलं, मग आपण कुणाच्या मांडीवर आहोत ते बघितलं आणि उठायचा प्रयत्न न करता परत डोळे मिटले.

"किती गार वाटलं गं आज," ती म्हणाली.

मी पंख्याकडं बघितलं. तो बंद होता. वीज केव्हाची गेली होती, आणि आमच्यापैकी कुणाच्या ते लक्षातच आलं नव्हतं.